काळ्या पाण्याचा नारळ

"परतीचं तिकीट हाय ना रे बापू?"

मायनं हे चौथ्यांदा विचारलं तेव्हा आमची गाडी खामगाव मागं टाकून अकोल्याच्या रस्त्याला लागली होती. मी मोबाइलवर तिकीट उघडून तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे जायाचं, अन् हे येयाचं?" हो म्हटल्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

तिचं विचारणं मला चुकीचं वाटलं नाही. अमडापुरात माझ्या लहानपणी एखादं पोर फारच हट्टाला पेटलं की म्हातारी माणसं म्हणायची, याला काळ्या पाण्यावर धाडून द्या. अंदमान हे नाव मायच्या कानावर आयुष्यभर शिक्षा म्हणूनच पडलेलं. तिथं माणूस जातो आणि परत येत नाही, एवढीच तिची त्या बेटाची माहिती. आणि आता दिवाळीची सुट्टी लागली म्हणून तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं तिला आणि आबांना हौसेनं तिकडंच घेऊन निघालेली. निघायच्या आदल्या दिवशी ती बल्लाळदेवीच्या टेकडीवर जाऊन आली. देवीला बोलून आली की सगळे सुखरूप माघारी आले तर तिथलाच नारळ आणून तुझ्यापुढं फोडीन.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं, घाटावरचं. मुंबईचा समुद्र त्यातल्या त्यात जवळचा, तोही रस्त्यानं साडेचारशे किलोमीटरच्या पुढं. आबांचं वय त्र्याहत्तर. सगळी हयात सोयाबीन, तूर, हरभरा आणि त्याआधी कपाशी-ज्वारीत गेली. खारं पाणी त्यांनी पाहिलं ते एकच, लोणारचं. तरुणपणी त्यांनी सावरकरांचं 'माझी जन्मठेप' वाचलं होतं आणि मला आठवतं तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती, ती कोठडी डोळ्यांनी पाहायची. पोरांना समुद्र हवा होता, आबांना तुरुंग. दोन्ही एकाच बेटावर होतं, म्हणून हे बेट ठरलं. भाऊबीज झाली, हरभऱ्याची पेरणी उरकली आणि नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही अकोल्याहून नवजीवन एक्स्प्रेसनं चेन्नईला निघालो.

आमचा जिल्हा पाण्याच्या बाबतीत दोन समुद्रांत वाटला गेलाय. घाटाखालचं पाणी पूर्णेला जातं, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. घाटावरची पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. ती वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट फिरवत हे मी किती वर्षं शिकवतोय. बल्लारशाह सोडल्यावर गाडी वर्धेच्या पुलावर आली तेव्हा ते मायला सांगितलं, "माय, हिच्यात आपली पैनगंगा हाय. आपण चाललो त्याच समुद्राला ही चालली." तिनं कमरेची पिशवी काढली, नाणं कपाळाला लावलं आणि खिडकीच्या गजातून खाली टाकलं. मग धाकट्यानं टाकलं, मग थोरलीनं. त्यानंतर चेन्नईपर्यंत मायनं तिकिटाचं विचारलं नाही.

विमानाचं फार काही सांगत नाही. दोन तासांचा प्रवास, खाली नुसतं पाणी. समुद्र कुठं संपतो ते शोधून आबा दमले. आमच्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ साली टिपेश्वरहून एक वाघ तेराशेएक किलोमीटर चालत आला होता. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे पाण्यावरचं अंतर जवळपास तेवढंच आहे हे धाकट्यानं कुठंसं वाचून ठेवलेलं. तो आजोबांना म्हणाला, "आबा, तो वाघ जितका चालला ना, तितका हा समुद्र." आबांना माप मिळालं. त्यांनी मान हलवली आणि मग शांतपणे बाहेर पाहत राहिले. शेवटी ढगांखाली हिरवी बेटं दिसली, कडेनं पांढरी रेघ आणि तिच्याभोवती मोरपिशी पाणी. शासनाच्या मोजणीत इथं लहानमोठी बेटं आणि खडक मिळून ८३६ आहेत, त्यांतल्या एकतीस बेटांवर वस्ती. बाकी सगळं रान.

शहराचं नाव त्याच वर्षीच्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं होतं. लोकांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच होतं, आणि मीही इथं तेच लिहितो. पहिल्या दिवशी आबा नेहमीसारखे साडेचारला उठले आणि पाचला त्यांनी मला हलवून जागं केलं. "अरे, उजाडलं की!" खरंच लख्ख उजाडलं होतं. हे बेट आमच्या गावापेक्षा सोळा रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तासाभरानं आधी येतो, पण घड्याळ मात्र आपलंच. या दिवसांत संध्याकाळी पाचच्या आत दिवस बुडतो. आबा म्हणाले, इथं शेतकऱ्यानं चारलाच औत जुंपलं पाहिजे.

आम्हाला फिरवणारा चालक पस्तिशीतला, स्वच्छ हिंदी बोलणारा. मायनं त्याला गाडीत बसल्याबसल्या विचारलं ते आपल्याकडं सगळेच विचारतात, "गाव कोनतं बाबा तुझं?" तो म्हणाला, इथलाच. माय म्हणाली, ते झालं, पण मूळ गाव? त्यानं थोडा वेळ गाडी चालवली आणि मग सांगितलं. पणजोबा जन्मठेपेचे कैदी होते. नागपूरकडून आणलं होतं एवढं घरात माहीत आहे. शिक्षा संपल्यावर इथंच राहिले, इथल्याच एका कैदी बाईशी लग्न केलं. ती कुठल्या मुलखाची, कुठल्या जातीची, कोणी विचारलं नाही. "आमच्यासारख्यांना इथं लोकल बॉर्न म्हणतात, माताजी. गाव कोणी सांगितलंच नाही."

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी पहिले दोनशे कैदी इथं आणून उतरवले. पुढं हजारो आले. राजबंदी त्यांतले मोजके, बाकीची साधी माणसं. कोणी भावबंदकीत कुऱ्हाड चालवलेला, कोणी दरोड्यात सापडलेला, कोणी न केलेल्या गुन्ह्यातही. त्यांची नावं कुठल्याही संगमरवरावर नाहीत. मुलुखामुलुखांतून आलेल्या या माणसांना एकमेकांशी बोलायला हिंदुस्थानीच सापडली आणि ती त्यांच्या नातवंडांची मातृभाषा झाली. मायनं डबा उघडला, दिवाळीचे बेसनाचे चार लाडू कागदात बांधले आणि त्याच्या हातात दिले. "नागपूरकडचा म्हंजे आपलाच," एवढंच म्हणाली. उरलेले सगळे दिवस तो तिला हात धरून गाडीतून उतरवत होता.

सेल्युलर जेलपाशी आबा आधी बाहेरच उभे राहिले. टोपी सारखी केली. मग आत आले.

हा तुरुंग १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधला गेला. मधोमध एक मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या त्याच्यापासून निघालेल्या सात तीनमजली इमारती. आता त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडं तोंड करून आहेत. म्हणजे सातशेच्या आसपास कोठड्या, पण कैद्याला समोर दिसणार ती भिंतच. साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, आणि दहा फुटांवर एक झरोका. कडीची जागा भिंतीत इतकी आत कोरलेली की गजातून हात घातला तरी पोचत नाही. थोरलीनं आत उभं राहून हात घालून पाहिला. तिचा हात लांब आहे, खांद्यापर्यंत बाहेर आला, तरी वीतभर कमीच पडला. ती बाहेर आली ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिसऱ्या मजल्यावर टोकाची कोठडी सावरकरांची. ४ जुलै १९११ ला त्यांना इथं आणलं आणि १९२१ पर्यंत ठेवलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. आबा चपला काढून आत गेले. एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले आणि वर झरोक्याकडं पाहत राहिले. माय दारात उभी. बाहेर रांग लागली होती, पण मागच्या माणसांनी म्हाताऱ्या माणसाला उठवलं नाही. त्याबद्दल मी त्या सगळ्या अनोळखी लोकांचा ऋणी आहे.

मनोऱ्यात राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही. पंजाबची मोठी. आपली त्यामानानं लहान. मी मुद्दाम बंगालची नावं पोरांना मोठ्यानं वाचायला लावली. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये इथल्या कोठडीत गळफास घेतला. उल्लासकर दत्तांचं मन इथंच मोडलं. १९३३ च्या उपोषणात बळजबरीनं नळीतून दूध घालताना महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नामदास गेले. आपल्याकडं अंदमान म्हटलं की एकच नाव घेतात आणि गप्प बसतात. ते नाव घ्यावंच, पण ही नावंही आपल्या पोरांना यायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

पण आबांची पावलं अडली ती कोठडीपाशी नाही, आवारातल्या घाण्यापाशी. एका शेडमध्ये तो मांडून ठेवलाय, लोखंडी, त्याला आडवा दांडा आणि दांड्याला लागलेला माणसाचा पुतळा. कोलू. राजबंद्याला दिवसाचं ठरवून दिलेलं काम होतं ३० पौंड खोबरेल, म्हणजे साडेतेरा किलो तेल. ते निघालं नाही तर हातकडी घालून भिंतीला उभं करणं, बेड्या, उपास.

ही माहिती पाटीवर आहे आणि येणारा प्रत्येक जण ती वाचून हळहळतो. आबांनी पाटी वाचलीच नाही. त्यांनी दांडा पाहिला. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या घराच्या मागच्या आळीत लाकडी घाणा होता. आबा आठ-दहा वर्षांचे असताना शाळा सुटली की घाण्याच्या फळीवर बसायला जायचे. बैल गोल फिरायचा, लाट कुरकुरायची, करडईचं तेल खालच्या भांड्यात बारीक धारेनं पडायचं. फळीवर पोर बसलं की वजन वाढतं आणि गाळप चांगलं होतं, म्हणून घाणेवाले बसू द्यायचे. ही गोष्ट मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे, नेहमी हसत सांगितलेली. ते आत्ता त्या दांड्याकडं बघत होते. वाकून त्यांनी त्याची जमिनीपासूनची उंची हातानं मोजली. ती छातीशी आली. मग माहिती सांगणाऱ्या माणसाला त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "दुपारी सोडत होते का?"

त्याला प्रश्न कळला नाही. आबांनी पुन्हा विचारलं. बैलाला दुपारी सोडतात, पाणी दाखवतात, सावलीत बांधतात. माणसाला सोडत होते का? तो म्हणाला, "बाबाजी, तेल पूर्ण होईपर्यंत नाही."

बाहेर फाटकाजवळ शहाळीवाले बसलेले. उकाडा असा की सदरा अंगाला चिकटलेला. पोरांनी शहाळी घेतली, मायनं घेतलं, मी आबांपुढं एक धरलं. त्यांनी हातानं बाजूला सारलं. "मले नको." मी आग्रह केला नाही. घाण्यात जायचं ते खोबरं याच झाडांचं, आणि ज्यांना घाणा नसायचा त्यांना याच नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचं काम असायचं. हात रक्ताळेपर्यंत. मायनं आयुष्यभर नारळ पाहिला तो ओटीत आणि देवीपुढं. दोघं एका बाकावर शेजारी बसली होती. तिच्या हातात शहाळं, यांचे हात मांडीवर.

दुसऱ्या दिवशी चिडिया टापूला सूर्यास्त पाहायला निघालो. आधी वाट थोडी वाकडी करून सिप्पीघाटकडं गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उथळ पाणी पसरलेलं, त्यात वाळलेल्या झाडांचे बुंधे. पोरांनी बगळे पाहिले. आबांनी बांध पाहिले. पाण्याखालून पुसट दिसणारी चौकोनी आखणी त्यांच्या लगेच ध्यानात आली. "ही शेतं हाय," ते म्हणाले. चालकानं गाडी थांबवली आणि सांगितलं, होय, भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीनच सुमारे मीटरभर खाली बसली, त्सुनामीचं पाणी आलं आणि भरतीचं पाणी त्या दिवसापासून आत येतं ते आजतागायत. मीठ भिनलेल्या त्या मातीत भात पुन्हा झाला नाही.

दुष्काळ, गारपीट, बोंडअळी, भाव पडणं, हे सगळं आबांनी सोसलंय. त्या वर्षीसुद्धा सोयाबीन हमीभावाखाली विकून आम्ही निघालो होतो. पण प्रत्येक वेळी जमीन जागेवर असायची. पुढच्या मृगाला पुन्हा पेरता यायचं. जमीनच बुडून जाते हे त्यांच्या हिशेबात कधी नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला उतरले, खाली वाकून पाण्यात दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली. खारट. परत गाडीत बसताना त्यांनी चालकाला विचारलं, "सातबारा कोनाच्या नावावर हाय मंग?" चालकाला सातबारा म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं.

बेटावर पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर, आमच्या चौपट. तरी उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला पिण्याच्या पाण्याची ओढ असते. धनीखारी धरणातून शहराला पाणी येतं, ते खाली गेलं की नळ दोन-चार दिवसांआड. डोंगर उताराचा, पाणी थेट समुद्राला पळतं. हे ऐकून माय म्हणाली, म्हणजे इथल्या बायांचंही आपल्यासारखंच.

बाराटांगच्या सहलीबद्दल मात्र घरात वाद झाला. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहायला पोरं आतुर होती. सहल विकणाऱ्याने सांगितलं, रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, नशीब असेल तर जारवा दिसतील. हे वाक्य ऐकलं आणि मी नाही म्हणालो. या रस्त्यानं गाड्या ताफ्यानं जातात, फोटो काढायला बंदी आहे, थांबायलाही. तरी माणसं काचेला नाक लावून बसतात ती गुहेसाठी नाही. माणसं पाहायला तिकीट काढायचं हे मला पटत नाही. ती हजारो वर्षं इथं राहताहेत, पाहुणे आपण आहोत. २०१० च्या जानेवारीत इथं बोआ सीनिअर नावाची वृद्ध बाई वारली, आणि तिच्याबरोबर बो ही भाषा गेली. ती बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. भूगोलाबरोबर मी मराठीही शिकवतो. शेवटची काही वर्षं त्या बाईनं आपल्या भाषेत कोणाशी बोलायचं, हा विचार मला त्या रात्री सोडत नव्हता. थोरलीला मी हे सगळं सांगितलं. ती दहावीत आहे, तिला पटलं. धाकट्याला चिखलाचा ज्वालामुखी पाहायचाच होता, तो रुसला तो रुसलाच.

त्याचा रुसवा समुद्रानं काढला. स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जायची आमची बोट खराब हवेमुळं एक दिवस रद्द झाली. मायला पुन्हा तिकिटाची आठवण आली. दुसऱ्या दिवशी पोचलो आणि थेट राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. आधी उंच महुआची झाडं, इथं महुआ म्हणतात ती आपल्या मोहापेक्षा निराळी, सरळ आभाळात गेलेली. त्यांच्या सावलीतून बाहेर आलं की एकदम पांढरी वाळू आणि पाणी. लाटा मोठ्या नाहीत. एकेक येते, पसरते आणि वाळूवरून झिरपत मागं जाते.

माय काठावर थबकली. पहिली लाट पायाशी आली तशी दोन पावलं मागं सरली. मग नऊवारीचा ओचा वर खोचला, थोरलीचा हात धरला आणि घोट्यापर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत. लाट गेली की पायाखालची वाळू सरकते, त्याची तिला फार गंमत वाटली. "वढते रे, वढते!" म्हणून ती हसत होती. माझ्या आईला मी इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवेना. बरोबर आणलेली हळदकुंकवाची पुडी तिनं सोडली, समुद्राला वाहिली, ओंजळ भरून पाणी घेतलं आणि मला विचारलं, "यात पैनगंगेचं कोनतं रे?" मी म्हटलं, सगळ्यात थोडं थोडं. तिनं ती ओंजळ डोळ्यांना लावली. आबा लांब वाळूत बसून पाहत होते. माझी बायको त्यांना ओढत घेऊन आली, आणि पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्या दोघांनी चारचौघांत एकमेकांचा हात धरला.

शहीद द्वीप, जुनं नील, लहान बेट. ओहोटीला पाणी मागं हटतं आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्र उघडा पडतो. एक स्थानिक माणूस आम्हाला त्या डबक्यांतून घेऊन गेला. पाय कुठं ठेवायचा हे तो आधी दाखवायचा, कारण पायाखालचं प्रवाळ जिवंत असतं. त्यानं एका मोठ्या शिंपल्याकडं बोट केलं. खडकात रुतलेला, दोन्ही ओठ उघडे, आत निळी-जांभळी मखमल. सावली पडली तशी ती मखमल आक्रसली आणि शिंपला मिटला. धाकटा अर्धा तास त्याच्यापाशी बसला. हात मागं-पुढं करून सावली पाडायची आणि ते मिटणं बघायचं. काळी समुद्रकाकडी पाहून माय म्हणाली, ही तर वांगं भाजल्यावर दिसतं तशी.

नील हे भाज्यांचं बेट आहे. वस्ती बहुतेक पूर्व बंगालातून फाळणीनंतर आणून वसवलेल्या लोकांची. किनाऱ्यांची नावंसुद्धा लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. आबांना किनाऱ्यापेक्षा शेत बघायचं होतं. एका वावरात वांगी लावलेली दिसली आणि ते सरळ आत शिरले. शेतकरी त्यांच्याच वयाचा, लुंगी आणि बनियनवर खुरपत बसलेला. दोघांची हिंदी आपापल्या मुलखाची, पण शेतीचं बोलायला ती पुरली. किडीला काय मारता, भाव कोण ठरवतो, बोट बंद पडली की माल कुठं जातो. बोट बंद पडली की माल सडतो, तो म्हणाला. आबांनी मान डोलावली. त्यांना टोमॅटो रस्त्यावर ओतलेले माहीत होते.

मग आबांनी त्याला गाव विचारलं. तो लहान असताना जहाजातून आला होता, आईच्या मांडीवर. सरकारनं जंगलाचा तुकडा दाखवला, बापानं झाडं तोडून शेत केलं. गावाचं नाव त्यानं सांगितलं, ते आम्हाला नीट कळलं नाही. माय म्हणाली, परत गेला नाहीत कधी? तो म्हणाला, "बहिनजी, गाव दुसऱ्या देशात राहिलं."

थोड्या वेळानं त्यानं नातवाला झाडावर चढवलं. शहाळी खाली आली, कोयत्यानं तासली गेली. पहिलं त्यानं दोन्ही हातांनी आबांपुढं धरलं. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी ते घेतलं आणि एका दमात रिकामं केलं. निघताना त्या माणसानं मायला सोललेला एक मोठा नारळ दिला. देवीसाठी आणायचाय हे तिनंच त्याला सांगितलं होतं, कसं ते देव जाणे.

परतीच्या आधी रॉस बेट पाहिलं. आता त्याला नेताजींचं नाव आहे. इंग्रजांची राजधानी तिथं होती. १९४१ चा भूकंप आणि पुढच्या वर्षी आलेले जपानी, त्यानंतर ती ओस पडली. चर्चच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवल्यात, आणि मधून चितळं हिंडतात, माणसाच्या हातातलं खातात. आमच्याकडं रानातली जनावरं रात्री हरभरा उलथून टाकतात, म्हणून आबा आधी जरा बिचकून होते. मग एका पाडसाला त्यांनी केळाचं साल दिलं.

विमानतळावर निघायच्या वेळी धाकट्याच्या खिशातून एक शंख आणि प्रवाळाचा तुकडा निघाला. इथून ते न्यायला कायद्यानं मनाई आहे, हे त्याला ठाऊक होतं. चालक अजून बाहेरच उभा होता. मायनं ते दोन्ही त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, समुद्रात टाकून दे बाबा, त्याचं गाव तिथंच हाय.

अमडापूरला पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी माय टेकडी चढली. आम्ही सगळेच गेलो. देवीपुढं नारळ फोडला, पाणी ओवाळून टाकलं, खोबऱ्याचे बारीक बारीक तुकडे केले. "काळ्या पाण्याचा हाय," असं सांगत ती खाली येताना दिसेल त्याला देत सुटली. संध्याकाळी पारावर माणसं जमली. काय पाहिलं, विमान कसं असतं, समुद्र केवढा. आबांनी समुद्राचं एका वाक्यात सांगितलं. विमानाचं सांगितलंच नाही. घाण्याचं सांगितलं. उभे राहून दांड्याची उंची छातीशी हात लावून दाखवली. साडेतेरा किलो म्हणजे किती ते, त्यांच्या लहानपणच्या मापात. सगळे गप्प ऐकत होते.

ज्यांच्या घरी तो घाणा होता, ते आता नव्वदीच्या घरातले. पाराच्या कडेला काठी धरून बसलेले, हातात मायनं दिलेला खोबऱ्याचा तुकडा. आबांनी त्यांच्याकडं वळून विचारलं, "काका, तुमचा बैल दिसभर चालत होता का हो?"

त्यांना ऐकू कमी येतं. आबांनी जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

"छ्या," ते म्हणाले, "दुपारी सोडत होतो त्याले."